रक्ताचा रिपोर्ट, शासनाचा कागद

सुई टोचताना मुलं डोळे घट्ट मिटतात आणि रक्ताचा थेंब नळीत पडला की लगेच उघडतात. उत्तर नागपुरातल्या एका शाळेच्या सभागृहात नववीचा वर्ग रांगेत उभा आहे. टेबलावर छोट्या काचेच्या नळ्या, रसायनाची बाटली, कापसाचे बोळे आणि काळ्या रेघा छापलेला एक पांढरा पुठ्ठा. तंत्रज्ञ नळी हलवतो, काही मिनिटं थांबतो आणि ती पुठ्ठ्यासमोर धरतो. द्रवातून पलीकडच्या रेघा स्वच्छ दिसल्या तर 'निगेटिव्ह'. द्रव गढूळ झाला आणि रेघा झाकल्या गेल्या तर 'पॉझिटिव्ह'. या चाचणीला सोल्युबिलिटी म्हणतात. ती स्वस्त आहे, वीज नसलेल्या गावातही करता येते.

एका मुलाची नळी गढूळ होते. तो तंत्रज्ञाला विचारतो, "म्हणजे मले सिकलसेल आहे का सर?"

"आत्ता नाही सांगता येत. पुढची टेस्ट करावी लागंल."

उत्तर अगदी बरोबर आहे. सोल्युबिलिटी चाचणी रक्तात सिकल हिमोग्लोबिन आहे एवढंच सांगते. ते आई किंवा बाप यांपैकी एकाकडूनच आलं आहे, म्हणजे मुलगा 'वाहक' आहे, की दोघांकडून आलं आहे, म्हणजे 'रुग्ण' आहे, हे तिला कळत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही यंत्रावरची तपासणी लागते. वाहकाला सहसा काहीच होत नाही, तो क्रिकेट खेळतो, पोलीस भरतीला पळतो. रुग्णाच्या वाट्याला मात्र जन्मभराचं दुखणं येतं. या दोन शक्यतांमध्ये जमीन-अस्मानाचं अंतर आहे आणि तरीही आज दोघांच्या कागदावर एकच शब्द लिहिला जाणार आहे.

संपादकांनी यंदाच्या अंकासाठी 'शाळेत न शिकवलेलं' हा विषय दिला, तेव्हा मी नागपुरातली सिकलसेलची तपासणी आणि तिच्याभोवती चालणारं शिकवणं पाहायचं ठरवलं. पहिल्या आणि दुसऱ्या तपासणीच्या मधल्या काळात त्या मुलाच्या घराला दोन प्रकारची माहिती लागते. आपल्या रक्तात नेमकं काय चाललंय, ही एक. दुसरी तपासणी कुठे होते, कोण करतं, रिपोर्ट आला नाही तर कोणाला विचारायचं, ही दुसरी. पहिली माहिती आता बऱ्यापैकी दिली जाते. दुसरी क्वचितच कोणी देतं, आणि तिच्यावाचून पहिली अर्धवट राहते.

नागपूरशी जुनी ओळख

सिकलसेलची वैद्यकीय नोंद प्रथम १९१० मध्ये शिकागोच्या जेम्स हेरिक यांनी केली. भारतात तो १९५२ मध्ये निलगिरीतल्या आदिवासींमध्ये आढळला. पुढे सहाच वर्षांनी, १९५८ मध्ये, नागपूरच्या शुक्ल आणि सोलंकी या संशोधकांनी मध्य भारतातल्या सिकलसेलविषयीची आपली निरीक्षणं 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध केली. म्हणजे या शहराला आजाराची ओळख पटून साठ वर्षांहून अधिक काळ लोटला आहे.

हा आजार इथे एवढा का, याचं उत्तर डासांत आहे. ज्याच्या रक्तात सिकलचं एकच जनुक आहे, त्याला जीवघेण्या फाल्सिपेरम मलेरियापासून बरंच संरक्षण मिळतं, हे अँथनी ॲलिसन यांनी १९५४ मध्ये आफ्रिकेतल्या अभ्यासातून दाखवलं. तळी, धानाची बांधी आणि जंगल यांचा पूर्व विदर्भ हा पिढ्यानपिढ्या मलेरियाचा मुलूख. इथे हे जनुक टिकलं, कारण एकेकाळी त्यानं माणसं जगवली. ज्यांच्या वाट्याला त्याच्या दोन्ही प्रती आल्या, त्यांनी त्याची किंमत मोजली. मग माणसं पोटासाठी नागपूरला आली, एम्प्रेस मिलमध्ये लागली, विडी कारखान्यांत बसली, बांधकामावर गेली. रक्त त्यांच्याबरोबर आलं.

म्हणूनच 'हा आदिवासींचा आजार' हे वाक्य नागपुरात अपुरं ठरतं. गोंड, परधान, माडिया समाजांत तो आहेच. पण विदर्भात तो पूर्वाश्रमीच्या महार, म्हणजे आजच्या बौद्ध समाजात मोठ्या प्रमाणावर आहे आणि कुणबी, तेली अशा जातींतही सापडतो. इंदोरा, टेका, पाचपावली या बाजूला फिरलं की ज्यांच्या नात्यात कोणालातरी 'सिकल' आहे अशी घरं सहज भेटतात. तरी नातेवाईक ते मोठ्यानं बोलत नाहीत. मुलीचं जमायचं असेल तर अजिबातच नाही.

या शहरातूनच त्या आजाराला सार्वजनिक आवाज मिळाला. संपत रामटेके यांनी नागपुरात सिकलसेल सोसायटी ऑफ इंडिया उभी केली आणि रुग्णांच्या पालकांना घेऊन वर्षानुवर्षं मंत्रालयाचे उंबरठे झिजवले. २०१८ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. ते डॉक्टर नव्हते. औषध शोधणं हे आपलं काम नाही, पण औषध मिळवून देणारी व्यवस्था उभी करायला भाग पाडणं हे आपलंच काम आहे, हे त्यांनी ओळखलं होतं. तरुणांना या विषयात काय शिकवावं याचा धागा मला त्यांच्या कामात सापडतो.

दोन नाणी

शाळेतल्या त्याच सभागृहात रक्ताचे नमुने घेऊन झाल्यावर समुपदेशक ताई पुढे येतात. त्यांच्या हातात रुपयाची दोन नाणी आहेत. एक मुलगा 'बाप' होतो, एक मुलगी 'आई'. वर्गात खसखस पिकते, ती ताई पिकू देतात.

"समजा दोघंही वाहक आहेत. छापा म्हणजे चांगलं जनुक, काटा म्हणजे सिकलचं. फेका."

छापा-काटा. मूल वाहक. पुन्हा फेका. छापा-छापा. मूल निरोगी. पुन्हा. काटा-काटा. वर्ग शांत होतो.

"आता सांगा, पहिलं लेकरू सिकलचं झालं, तर पुढची तीन चांगली होतील का?"

बरेच हात 'हो' म्हणून वर जातात. हा गैरसमज शाळेपुरता नाही. चारात एक म्हणजे एकदा येऊन गेलं की आपण सुटलो, असं समजून दुसऱ्या बाळंतपणाला निर्धास्त सामोरी गेलेली घरं या ताईंनी पाहिली आहेत. त्या नाणी पुन्हा फेकायला लावतात. पुन्हा काटा-काटा येतं. नाण्याला मागचं आठवत नाही, एवढंच त्या म्हणतात. प्रत्येक गर्भाच्या वेळी हिशेब नव्यानं मांडायचा. रुग्ण होण्याची शक्यता पंचवीस टक्के, वाहक होण्याची पन्नास, दोन्ही नसण्याची पंचवीस.

राज्य मंडळाच्या नववीच्या विज्ञानाच्या पुस्तकात 'आनुवंशिकता व परिवर्तन' हे प्रकरण आहे आणि त्यात सिकलसेलची माहिती आहे. म्हणजे राज्य मंडळाच्या शाळेत नववीला पोचलेल्या प्रत्येक मुलाच्या डोळ्यांखालून हा आजार एकदा जातो. पण पुस्तकातला आजार प्रश्नपत्रिकेत दोन गुणांना येतो, आणि घरातला आजार लग्नाच्या बैठकीत येतो. मधला पूल हे सत्र बांधतं.

पुलाच्या पलीकडे मात्र निसरडं आहे. मागच्या बाकावरून एक मुलगी विचारते, "ताई, मंग वाहक पोरीशी कोन लगन करन?" ताई तिला दुरुस्त करतात : वाहकानं कोणाशीही लग्न करावं, जोडीदाराची तपासणी आधी करून घ्यावी. दोघंही वाहक निघाले तरी निर्णय त्यांचा आहे, गर्भाची तपासणी दहाव्या-बाराव्या आठवड्याच्या सुमारास करता येते, डॉक्टरांशी बोलता येतं. उत्तर नेमकं आहे. पण तिनं 'पोरीशी' म्हटलं होतं, 'पोराशी' नाही. जनुक दोघांकडून येतं आणि कलंक एकीच्याच पदरात पडतो, हे त्या चौदा वर्षांच्या मुलीला मेंडेलच्या आधी कळलेलं आहे.

जन्मपत्रिकेऐवजी रक्ताची पत्रिका जुळवा, अशा आशयाचे फलक विदर्भातल्या आरोग्य केंद्रांत दिसतात. हेतू चांगलाच आहे. परंतु नुसती तपासणी आणि नुसता सल्ला यांचं काय होतं, याचा एक धडा ग्रीसमधल्या ऑर्कोमेनोस या गावानं दिलेला आहे. १९७०च्या आसपास तिथे सिकलसेलसाठी तपासणी झाली, लोकांना निकाल सांगितले, लग्न जमवताना काळजी घ्या म्हणून समजावलं. काही वर्षांनी संशोधक परत गेले. दोन वाहकांमधली लग्नं कमी झालेली नव्हती. वाहक मात्र बदनाम झाले होते आणि काहींनी आपला निकाल लपवला होता.

अमेरिकेत काळ्या समाजानं, विशेषतः ब्लॅक पँथर पक्षानं, १९७१च्या सुमारास स्वतः वस्त्यांत तपासणी केंद्रं चालवली. दबाव वाढला आणि १९७२ मध्ये तिथे सिकलसेलचा राष्ट्रीय कायदा झाला. त्याच काळात काही राज्यांनी तपासणी सक्तीची केली, वाहक आणि रुग्ण यांत गल्लत केली, आणि धडधाकट वाहकांना विमा व नोकऱ्या नाकारल्या गेल्या. अमेरिकी हवाई दलाच्या अकादमीची दारं वाहकांसाठी १९८१पर्यंत बंद होती. कायदा तोकड्या समजुतीवर उभा राहिला तर तो आजाराइतकाच छळतो.

नळाजवळचा बाक

सिकलसेलमध्ये लाल पेशी ऑक्सिजन कमी झाला की वाकतात, विळ्यासारख्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. मग हाडं ठणकतात, छाती भरते, पोट दुखतं. या दुखण्याला डॉक्टर 'क्रायसिस' म्हणतात आणि वस्तीत आयाही आता तोच शब्द वापरतात : "रात्री क्रायसिस आला जी, मेडिकलले नेलं." मेडिकल म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय. नागपुरात त्याला दुसरं नाव नाही.

क्रायसिस कशानं येतो? पाणी कमी पडलं, ताप आला, अंगात थंडी भरली, जीव थकेपर्यंत पळावं लागलं. आता ही यादी घेऊन नागपूरच्या कोणत्याही शाळेत जाऊन पाहा. एप्रिलमध्ये पारा पंचेचाळीसकडे सरकतो आणि वर्गात पंखा असतोच असं नाही. तास चालू असताना पाणी प्यायला उठायचं नाही. लघवीला तर मधल्या सुट्टीतच जायचं. सिकलसेलच्या मुलाची मूत्रपिंडं लघवी घट्ट करू शकत नाहीत, त्याला वारंवार जावं लागतं, म्हणून पाणीही जास्त लागतं. उशिरा आलास, मैदानाला फेऱ्या मार. डिसेंबरात सकाळच्या शाळेला स्वेटर गणवेशाच्याच रंगाचा हवा. यातला एकही नियम दुष्टपणानं केलेला नाही. पण एका विशिष्ट मुलासाठी हे सगळे नियम मिळून रुग्णालयाची वाट होतात.

एका शाळेत मला याचं साधंसं उत्तर दिसलं. वर्गशिक्षिकेनं आजारी मुलीचा बाक दाराशी, पाण्याच्या नळाजवळ हलवला होता. तिला परवानगी न मागता उठायची मुभा होती आणि तिच्या मैत्रिणींना एकच गोष्ट शिकवून ठेवली होती : हिला ताप आला तर घरी सोडून येऊ नका, आधी मला सांगा. सिकलसेलच्या मुलात साधा वाटणारा ताप काही तासांत गंभीर होऊ शकतो, कारण जंतूंशी लढणारी पाणथरी, म्हणजे प्लीहा, बऱ्याचदा लहानपणीच निकामी झालेली असते. शाळेच्या पातळीवर आरोग्यशिक्षण म्हणतात ते बहुधा एवढंच असतं. बाक कुठे ठेवायचा आणि ताप आल्यावर कोणाला हाक मारायची.

निळ्या गोळीचंही तसंच आहे. ॲनिमिया कमी व्हावा म्हणून शाळांमधून किशोरवयीन मुलांना आठवड्यातून एकदा लोह आणि फॉलिक ॲसिडची निळी गोळी दिली जाते. बहुतेक मुलांना ती हवीच. पण सिकलसेलच्या रुग्णाचा ॲनिमिया लोहाच्या कमतरतेमुळे झालेला नसतो. पेशी लवकर फुटतात म्हणून तो होतो. रक्त चढवून घ्यावं लागणाऱ्या मुलाच्या शरीरात तर लोह आधीच साचत असतं. त्याला फॉलिक ॲसिड हवं, लोह मात्र कमतरता तपासून, डॉक्टरांनी सांगितलं तरच. गोळी वाटणाऱ्या शिक्षकाला आणि ती घेणाऱ्या मुलाला हे माहीत असेल, तर एक चांगली योजना चुकीच्या पोटात जात नाही.

औषधाबाबतही नागपूरचं काम आहे. हायड्रॉक्सीयुरिया हे मुळात कर्करोगावरचं औषध. ते रक्तातलं गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन वाढवतं आणि क्रायसिस कमी करतं. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात बालरोगतज्ज्ञ डॉ. दीप्ती जैन आणि सहकाऱ्यांनी किलोमागे १० मिलिग्रॅम अशी कमी, ठरावीक मात्रा तीव्र आजार असलेल्या मुलांना देऊन तिचा उपयोग दाखवला. महागड्या मात्रेच्या आणि वरचेवर तपासण्यांच्या भानगडीत न पडता औषध गरिबापर्यंत नेता येतं, हा त्याचा अर्थ. तरीही घरात पहिला अडथळा भीतीचा असतो. "कॅन्सरची गोळी माह्या लेकराले कायले?" दुसरा अडथळा सातत्याचा. गोळी रोज घ्यायची, मधूनमधून रक्त तपासायचं. केंद्रावर ती या महिन्यात आली नाही तर आई बाहेरून विकत घेते, पुढच्या महिन्यात घेत नाही, आणि मग औषधाचाच गुण नाही असं ठरतं.

पहिला अडथळा समजावल्यानं दूर होतो. दुसरा नाही. तिथे आजाराविषयीचं ज्ञान संपतं आणि शासनाविषयीचं सुरू होतं.

एकाच कायद्यातली दोन कलमं

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये संसदेनं केला आणि एप्रिल २०१७ पासून तो लागू झाला. जुन्या कायद्यातल्या मोजक्या प्रकारांऐवजी त्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आले. थॅलेसेमिया, हिमोफिलिया आणि सिकलसेल ही रक्ताची तीन दुखणी त्यांत आहेत. न दिसणारं, कधी असतं कधी नसतं असं रक्ताचं दुखणं प्रथमच दिव्यांगत्व म्हणून मान्य झालं. नागपूरच्या पालकांच्या लढ्याचं ते मोठं यश होतं.

आता कलम ३२ वाचा. सरकारी आणि अनुदानित उच्चशिक्षण संस्थांमध्ये चाळीस टक्क्यांहून कमी नसलेलं दिव्यांगत्व असणाऱ्यांसाठी किमान ५ टक्के जागा राखीव. सिकलसेलचा विद्यार्थी यात बसतो. मग कलम ३४ वाचा. सरकारी नोकऱ्यांत ४ टक्के आरक्षण. इथे कायदा प्रकार मोजून सांगतो : दृष्टी, श्रवण, हालचाल, बौद्धिक व मानसिक, आणि यांतले एकाहून अधिक. रक्ताचे आजार या यादीत नाहीत. म्हणजे कायदा तुम्हाला महाविद्यालयात हात धरून नेतो आणि नोकरीच्या दाराशी सोडून देतो.

एका महाविद्यालयाच्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात मी ही दोन कलमं समोरासमोर ठेवून चर्चा चाललेली ऐकली. बहुतेक मुलं शास्त्र शाखेची, सिकलसेलची आकृती न पाहता काढणारी. कलम ३४ त्यांतल्या कोणीच वाचलेलं नव्हतं. "हे मुद्दाम वगळलं की राहून गेलं?" एकानं विचारलं. शिबिर घेणाऱ्या प्राध्यापकांनी उत्तर दिलं नाही, उलट प्रश्न केला : "कसं शोधशील?" मग विधेयकाचा मसुदा, स्थायी समितीचा अहवाल, सभागृहातली चर्चा हे सगळं सार्वजनिक असतं, हे फळ्यावर आलं. तास संपला तेव्हा मुलांच्या वह्यांत उत्तर नव्हतं, पत्ते होते.

प्रमाणपत्राचं कोडं निराळं. हात नसेल तर तो रोज नसतो. सिकलसेलचा मुलगा मात्र सोमवारी कबड्डी खेळतो आणि गुरुवारी सलाईनवर असतो. वैद्यकीय मंडळासमोर तो ज्या दिवशी उभा राहतो त्या दिवशी बहुधा बराच असतो, कारण बरा नसता तर आलाच नसता. म्हणून जुने कागद जपणं हा या आजारात उपचाराचाच भाग आहे. भरती झाल्याच्या नोंदी, रक्त चढवल्याच्या चिठ्ठ्या, एचपीएलसीचा रिपोर्ट. ज्या घरात फाइल आहे त्या घराला टक्केवारी मिळते, परीक्षेतल्या जादा वेळेसारख्या सवलतींचा रस्ता उघडतो. ज्या घराचे कागद पावसाळ्यात भिजले त्याला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. सोळाव्या वर्षी मुलानं स्वतःची फाइल स्वतः सांभाळायला शिकावं, असं समुपदेशक सांगतात ते याचसाठी. एसटीच्या प्रवासात सिकलसेलच्या रुग्णाला सवलत आहे, तीही कागद दाखवल्यावरच.

डिसेंबरातलं शहर

महाराष्ट्रात सिकलसेल सप्ताह ११ ते १७ डिसेंबरला पाळतात. शाळाशाळांतून फेऱ्या निघतात, पथनाट्यं होतात, तपासणी शिबिरं लागतात. नागपूर कराराप्रमाणे विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशनही बहुतेक वर्षी याच सुमारास नागपुरात भरतं. शहराच्या एका टोकाला मुलं घोषणा देत असतात, आणि ज्यांच्या सहीनं यंत्र विकत घेतलं जातं, पदं भरली जातात, औषधाचे दर ठरतात ते सगळे दुसऱ्या टोकाला काही दिवस मुक्कामाला असतात. नागपूरकराला अधिवेशन म्हटलं की बंद केलेले रस्ते आणि अडवलेले मोर्चे आठवतात. शिक्षणाच्या दृष्टीनं मात्र एवढी मोठी प्रयोगशाळा राज्यात दुसरीकडे नाही.

शिबिरातल्या त्या मुलांना एक काम दिलं होतं. नागपुरात सिकलसेलच्या रुग्णाला ज्या सरकारी ठिकाणी जावं लागतं त्यांची यादी करा आणि प्रत्येकासमोर लिहा, याचा मालक कोण? यादी सोपी होती, मालक शोधताना सगळे चक्रावले. मेडिकल आणि मेयो ही रुग्णालयं राज्याच्या वैद्यकीय शिक्षण विभागाकडे. डागा स्त्री रुग्णालय सार्वजनिक आरोग्य विभागाकडे. वस्तीतलं नागरी प्राथमिक आरोग्य केंद्र महापालिकेचं. मिहानमधलं एम्स केंद्राचं. ग्रामीण भागातलं प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेचं. एकच रुग्ण, एकच आजार, आणि चिठ्ठी एका घराची दुसऱ्या घरात चालेलच असं नाही. एक मुलगी म्हणाली, "मायला वाटतं डॉक्टर हाकलून लावतो. इथं तर खातंच वेगळं आहे." चिडण्यापेक्षा जास्त उपयोगाचं काहीतरी तिच्या हाती लागलं होतं. कोणावर चिडायचं ते.

मग शासन निर्णय कसा वाचायचा ते झालं. वर 'संदर्भ' असतात, म्हणजे या कागदाचे पूर्वज. 'प्रस्तावने'त सद्हेतू असतो, तो भराभर ओलांडायचा. खरा ऐवज पुढे. कोणी करायचं, कधीपर्यंत, आणि खर्च कोणत्या लेखाशीर्षातून. लेखाशीर्ष नसेल तर ती बहुधा नुसती इच्छा आहे, असं प्राध्यापक म्हणाले आणि हशा झाला. शेवटी 'प्रत' म्हणून लांबलचक यादी येते. ती कोणी वाचत नाही, पण कागद कोणाकोणाच्या टेबलावर गेला हे तिथेच कळतं. औषधाचा साठा संपला असेल तर त्याच टेबलावर माहिती अधिकाराचा अर्ज जातो. दहा रुपये शुल्क, तीस दिवसांची मुदत. राज्यात २००७ पासून काही जिल्ह्यांत आरोग्यसेवांवर लोकाधारित देखरेखीचं काम झालं. गावकऱ्यांनी केंद्रांना गुण दिले, जनसुनवाईत अधिकाऱ्यांसमोर प्रश्न मांडले. शिकवलं तर माणसं हे करतात, याला आता पुरावा मागायची गरज नाही.

राष्ट्रीय सिकलसेल ॲनिमिया निर्मूलन मोहीम पंतप्रधानांनी १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोल इथे सुरू केली. तीन वर्षांत चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन, असं तिचं उद्दिष्ट. मोहिमेचा भर आदिवासी भागांवर आहे आणि तो योग्यच आहे. पण उत्तर नागपूरचा मुलगा आदिवासी नाही, त्याची वस्ती दुर्गमही नाही. धोरणाच्या नकाशावर तो कडेला पडतो. हे त्याला आधी कळलं तर तो योजनेत आपलं नाव का नाही म्हणून गोंधळणार नाही. महापालिकेकडे, आमदाराकडे, अधिवेशनात प्रश्न मांडणाऱ्याकडे नेमका प्रश्न घेऊन जाईल.

शिवाय 'निर्मूलन' म्हणजे कशाचं, हेही मुलांनी विचारायला हवं. आजार असलेली नवी मुलं जन्माला येऊ नयेत एवढाच त्याचा अर्थ घेतला, तर आज सोळा वर्षांची असलेली, अठ्ठावीस व्हायची इच्छा असलेली मुलगी त्या हिशेबात कुठे बसते? जनुकात दुरुस्ती करणाऱ्या उपचाराला डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. त्याची किंमत बावीस लाख डॉलर. इंदोऱ्यातल्या अशा मुलीसाठी आज खरा प्रश्न तिची हायड्रॉक्सीयुरिया या महिन्यात आली का, हा आहे.

वाढवण्याजोगं एक पान

शिक्षकांशी बोलताना एक आक्षेप वारंवार ऐकू आला. मुलांना आजार शिकवा, राजकारण कशाला? काळजी समजण्यासारखी आहे, शाळेला बाहेरचे वाद नको असतात. पण ज्याला ते राजकारण म्हणतात त्यातलं बरंचसं साधं नागरिकशास्त्र आहे. नववी-दहावीच्या मुलाला लोकसभेची सदस्यसंख्या पाठ असते. आपल्या वस्तीतलं आरोग्य केंद्र कोणाच्या ताब्यात आहे हे त्याला कोणी सांगितलेलं नसतं. विज्ञानाच्या तासाला तो वाकलेली पेशी काढतो, नागरिकशास्त्राच्या तासाला तीन स्तंभ लिहितो, आणि दोन्ही वह्या एकमेकींना कधी भेटत नाहीत.

त्या भेटण्यासाठी नवा विषय नको, नवा शिक्षकही नको. नववीच्या त्या आनुवंशिकतेच्या प्रकरणाला एक पान जोडावं. त्यावर हे प्रश्न असावेत : तुझ्या घरापासून सर्वात जवळची एचपीएलसी तपासणी कुठे होते? ते रुग्णालय कोणत्या विभागाचं आहे? सिकलसेलच्या विद्यार्थ्याला शिक्षणात कोणता हक्क आहे आणि नोकरीत कोणता नाही? वर्गात असा विद्यार्थी असेल तर वर्गाचा कोणता नियम बदलावा लागेल? यांची उत्तरं गाइडमध्ये मिळणार नाहीत. ती शोधायला मुलांना आरोग्य केंद्रात, महापालिकेच्या झोन कार्यालयात, एखाद्या आशाताईच्या घरी जावं लागेल, आणि पालघरच्या मुलाचं उत्तर नागपूरच्या मुलापेक्षा वेगळं येईल. तपासायला कठीण जाईल हे खरं. पण ज्या मुलाची नळी गढूळ झाली, त्याला घरी जाऊन आईला पुढे काय करायचं ते सांगता येईल, आणि केंद्रावर 'उद्या या' असं उत्तर मिळालं, तर उद्या म्हणजे कोणत्या तारखेला, हे तो विचारू शकेल.